‘क्रिएटिनने किडनी जाते का हो?’

पोलीस भरतीची तयारी करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि त्याची आई. आईच्या हातात रक्ताचा रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला रक्तात मोजतात तो घटक) 1.4, म्हणजे थोडं जास्त. “मॅडम, जिममधल्या दादाने दोन डबे दिले होते. याची किडनी जाणार का हो?” एक डबा व्हे प्रोटीनचा, दुसरा क्रिएटिनचा. मुलाच्या लेखी दोन्हींचं काम एकच, बॉडी बनवणं.

ही भीती घेऊन बरेच पालक येतात. क्रिएटिन हा स्नायूंना झटपट ताकद पुरवणारा घटक, आणि स्नायूंतल्या क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन तयार होतं. त्यामुळे क्रिएटिन घेणाऱ्याचा क्रिएटिनिनचा आकडा किडनी ठणठणीत असूनही थोडा वर जाऊ शकतो. निरोगी माणसाने रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलं तर किडनी बिघडते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तरी अंदाजावर विसंबायचं नाही, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. क्रिएटिन तीन आठवडे बंद ठेवून रक्त-लघवी पुन्हा तपासली. सगळं नॉर्मल आलं, तेव्हा कुठे आईचा जीव भांड्यात पडला.

मग मुलाशी बोलले. व्हे हे दुधातलंच प्रोटीन, म्हणजे अन्नच. क्रिएटिनचा उपयोग काही सेकंदांच्या जोरासाठी, गोळाफेक किंवा 100 मीटरसाठी. 1600 मीटरला त्याचा फारसा फायदा नाही, उलट स्नायूंत पाणी साठून वजन किलो-दोन किलो वाढतं.

“म्हणूनच पाय जड पडत होते!” तो म्हणाला. पठ्ठ्या महिनाभर रोज 20 ग्रॅम क्रिएटिन घेत होता! एवढा डोस घेणारेसुद्धा पाच-सात दिवसच घेतात, आणि तोही आवश्यक नसतो.

खाणं विचारलं. सकाळी चहा-पोहे, दुपारी भाकरी-भाजी, रात्री आमटी-भात. वजन 62 किलो, म्हणजे एवढ्या व्यायामाला दिवसाला साधारण 100 ग्रॅम प्रोटीन हवं. पोटात जात होतं जेमतेम निम्मं. चार अंडी, अर्धा लिटर दूध आणि दोन मुठी फुटाणे वाढवले की उरलेलं बहुतेक भरून निघतं. घरी आईच्या हातचं खाणाऱ्या मुलाला आधी डबा विकणं मला पटत नाही. खोली घेऊन राहणाऱ्या, मेसवर जेवणाऱ्या मुलाला मात्र मी व्हे सुचवते.

त्याच्या व्हेच्या डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांकच नव्हता. तो तिथल्या तिथे बंद करायला लावला.

पुढे त्याचा फोन आला, “मॅडम, गोळाफेकीसाठी क्रिएटिन परत सुरू करू का?” म्हटलं, डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर रोज 3 ग्रॅम, त्याहून जास्त नाही, आणि पुढच्या तपासणीला गेलास की क्रिएटिन चालू आहे हे आधी सांग.