सीडरच्या डेकला स्टेन: किती टिकेल यापेक्षा जाताना कसा जाईल ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिनेसोटातल्या डुलुथला घर घेतलंय. मागे 12 बाय 16 फुटांचा वेस्टर्न रेड सीडरच्या लाकडाचा डेक, म्हणजे उघडा फळ्यांचा ओटा, आहे. आधीच्या मालकाने चार वर्षांत फळ्यांना काहीच लावलेलं नाही, फक्त रेलिंगला तपकिरी सॉलिड स्टेन (लाकडाला लावायचा, रेषा पूर्ण झाकणारा रंग) मारलाय. फळ्या पार राखाडी पडल्यात. दुकानवाला पाच वर्षांच्या हमीचा सॉलिड स्टेन घ्या म्हणतो, शेजारी क्लिअर सीलर (पाणी अडवणारा बिनरंगाचा लेप) सुचवतो, आणि चिपळूणहून सासरे फोनवर सांगतायत की अळशीचं तेल चोपडा, आमची दारं त्यावरच टिकली. यातलं कोणाचं ऐकायचं आणि सगळ्यात जास्त टिकेल असं काय लावायचं?

मी मिनेसोटात बरीच वर्षं आहे, स्वतःच्या आणि मित्रांच्या डेकवर भरपूर घाम गाळलाय. माझं मत विचाराल तर 'सगळ्यात जास्त टिकणारा' हा निकषच पायाखालच्या फळ्यांना लागू पडत नाही. उणे 30 सेल्सिअसची थंडी, चार-पाच महिने बसून राहणारा बर्फ, एप्रिलमध्ये दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारं पाणी आणि मग जुलैचं ऊन, एवढं सोसून आडव्या फळीवर कुठलाच स्टेन फार काळ राहत नाही. म्हणून बघायचं ते हे, की तो जाताना कसा जातो. हळूहळू विरतो की पोपडे धरून सुटतो? विरणारा घ्या. म्हणजे लाकडात मुरणारा, तेलाचा, सेमी-ट्रान्सपरंट, म्हणजे लाकडाच्या रेषा दिसू देणारा.

आता कारणं. राखाडी म्हणजे सडलेलं असं समजू नका. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी फुटतं, पावसाने धुऊन जातं आणि वर सेल्युलोजचे सुटे तंतू उरतात. त्यांच्यावर काळपट बुरशी येते. हा सगळा खेळ वरच्या अगदी पातळ थरातला. आतलं लालसर लाकूड, म्हणजे खोडाचा गाभा, स्वतःच्याच रसायनांमुळे सहजासहजी कुजत नाही. ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनच्या पावसाळी जंगलांतलं हे झाड घराबाहेरच्या कामाला वापरतात ते त्याचमुळे. एखाद्या फळीत फिकट पट्टा दिसला तर तो खोडाचा बाहेरचा भाग, त्याला हे कवच नाही, तिथे लक्ष ठेवा. एरवी स्टेन लावला नाही म्हणून डेक कोसळत नाही. राखाडी रंग आवडत असेल आणि तळपायात कुसळं जायची तयारी असेल तर काहीच न लावणं हाही पर्याय आहेच.

शेजाऱ्यांचा क्लिअर सीलर इथेच बाद होतो. पाणी थोडंफार अडेल, ऊन नाही अडणार. ऊन अडवतं ते रंगद्रव्य, बहुतेक वेळा आयर्न ऑक्साइड. बिनरंगाचं काहीही लावा, दक्षिणेकडची बाजू एका उन्हाळ्यात पुन्हा होती तशी.

मग जास्त रंगद्रव्य म्हणजे जास्त संरक्षण, आणि सॉलिडमध्ये तर ते सर्वांत जास्त, मग तोच का नको? कारण सॉलिड स्टेन म्हणजे व्यवहारात पातळ पेंटच. तो वर थर धरतो. भिंतीवर, रेलिंगवर पाणी ओघळून जातं, तिथे थर छान टिकतो. आडव्या फळीवर पाणी थांबतं आणि थराच्या खाली शिरायला त्याला हज्जार वाटा असतात: स्क्रूची भोकं, फळ्यांमधल्या फटी, कापलेली टोकं, शिवाय खालची उघडी बाजू. आत गेलेली ओल उन्हाने तापून वर यायला बघते आणि थराला खालून ढकलते. गोठली तर फुगते. सुटलेला पोपडा उचलून उलटा करून बघा, मागच्या बाजूला लाकडाची करडी लव चिकटलेली दिसेल. म्हणजे रंग लाकडावरून सुटलेला नसतो, लाकडाचा मेलेला वरचा थर रंगासकट उठून आलेला असतो. आणि मग खरी शिक्षा सुरू होते. वरून नवा हात मारता येत नाही, जुना थर स्ट्रिपरने किंवा घासून काढावा लागतो, पूर्ण डेकचा, फटींसकट. मुरणारा स्टेन विरळ झाला की धुवायचं, वाळवायचं, एक पातळ हात द्यायचा. दोन्हींच्या वर्षांत फार फरक नसेलही. दर वेळच्या मेहनतीत जमीन-अस्मानाचा आहे. पॉलियुरेथेन, स्पार व्हार्निश हेही थरच धरतात, त्यांचं नावच काढू नका.

दुकानात ओळखायचं कसं? डब्याच्या पुढच्या बाजूचं काही वाचू नका, मागे 'पुन्हा लावताना' काय करायचं ते वाचा. 'स्वच्छ धुऊन वर एक हात द्या' असं असेल तर तो मुरणारा. 'आधीचा थर पूर्ण काढा' असं असेल तर तो थर धरणारा, पुढे नाव काहीही असो. आणि पाच वर्षांच्या हमीचं बारीक अक्षरही तिथेच वाचून घ्या. बहुधा डब्याचे पैसे किंवा नवा डबा एवढीच ती हमी असते, तुमचे दोन शनिवार-रविवार त्यात येत नाहीत. आणि आडव्या पृष्ठभागाला हमीची वर्षं बऱ्याचदा कमी लिहिलेली असतात.

पाण्यावर आधारित स्टेनबद्दल वाद नेहमीचा. चांगले आहेत, रंग धरून ठेवतात, बुरशीला तेलापेक्षा कमी खाद्य देतात, ब्रश नळाखाली धुता येतो. पण त्यातले बरेच थोडाफार थर धरतात. तुमच्या जागी मी तेलाचाच घेईन. अपेक्षा मात्र माफक ठेवा: पायाखाली दोन, फार तर तीन वर्षं. रंग मध्यम तपकिरी किंवा सीडर टोन. फार गडद घेतलात तर ऊन जास्त अडेल, पण जुलैत अनवाणी पाय ठेवता येणार नाही. मुलं असतील तर हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका.

डबा निवडण्यापेक्षा जास्त फरक पडतो तो तयारीने. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला अमेरिकी वनखात्याची लाकडावर संशोधन करणारी जुनी प्रयोगशाळा आहे, 1910 पासूनची. सीडरवर तिथे बरंच काम झालंय आणि त्यांचं सांगणं असं की काही आठवडे उघड्यावर राहिलेलं लाकूडसुद्धा रंग नीट धरत नाही. तुमचं तर चार वर्षांचं. तेव्हा तो मेलेला थर काढल्याशिवाय जगातला कुठलाही स्टेन लावला तरी पैसे बर्फात.

आधी ऑक्सिजन ब्लीचवाला डेक क्लीनर (त्यातलं मुख्य द्रव्य सोडियम परकार्बोनेट) पसरून मऊ ब्रशने फळीच्या रेषेत घासा, धुवा. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच नको, ते तंतूच खातं. नंतर ऑक्झॅलिक ॲसिडवाला ब्राइटनर. त्याने क्लीनरचा अल्कलीपणा मारला जातो आणि सीडरचा मूळ लालसर रंग डोळ्यांदेखत वर येतो. हा एक भाग मला दर वेळी करायला आवडतो. हातमोजे, चष्मा घाला, कडेची झाडं आधी आणि नंतर पाण्याने भिजवून घ्या. दोन्ही रसायनं एकत्र करायची नाहीत, आणि घरातलं ब्लीच तर ॲसिडच्या जवळही आणायचं नाही.

प्रेशर वॉशर भाड्याने आणायचा मोह होईल. सीडर मऊ असतं, नख दाबलं तरी वण उठतो. वापरायचाच तर दाब 500-600 पीएसआयच्या (यंत्रावर लिहिलेलं दाबाचं माप) वर जाऊ देऊ नका, रुंद फवारा ठेवा, नाहीतर फळीवर मांजराच्या पाठीसारखी लव उभी राहील. मग सगळं वाळल्यावर 60 किंवा 80 नंबरचा पॉलिश पेपर. त्याहून बारीक नको; फळी इतकी गुळगुळीत होते की स्टेन आत जायलाच तयार नसतो. आणि घासताना एन-95 मास्क लावाच. रेड सीडरच्या भुशातल्या प्लिकॅटिक ॲसिडने लाकूड-कारखान्यांतल्या कामगारांना दमा होतो हे वैद्यकात चांगलं ठाऊक आहे. घरात कोणाला आधीच दमा असेल तर खिडक्या बंद ठेवा.

वाळवायची घाई नको. लेक सुपीरियरच्या काठावर तुमच्याकडे उन्हाळ्यातही धुकं येतं, त्यामुळे दोन दिवस कोरडे गेले म्हणून फळी कोरडी असेलच असं नाही. ओल मोजायचा साधा मीटर घ्या, 15 टक्क्यांच्या खाली आकडा आला की लावा. शिवाय चिमूटभर पाणी शिंपडून बघा. थेंब मिनिटभरात मुरून डाग गडद झाला तर लाकूड तयार. मण्यासारखा वर बसून राहिला तर अजून घासायला हवं.

दिवस निवडताना तापमान साधारण 50 ते 85 फॅरनहाइट, पुढचे 24 तास पाऊस नाही, आणि फळीवर थेट ऊन नाही. तापलेल्या फळीवर तेल मुरायच्या आत सुकतं. जूनचा पहिला पंधरवडा शक्यतो टाळा. कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडत असतो आणि ओल्या स्टेनवर तो असा काही बसतो की डेकला दाढी उगवल्यासारखी वाटते. जुलै-ऑगस्ट उत्तम.

लावायचं ब्रशने. रोलरने किंवा पंपाने पसरवलंत तरी मागून ब्रश फिरलाच पाहिजे. एका वेळी दोन-तीन फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये थांबायचं नाही, नाहीतर जोडाचा पट्टा दिसतो. फळीची कापलेली टोकं पाणी सर्वांत जास्त पितात, तिथे पुन्हा पुन्हा ब्रश टेकवा, जेवढं पितील तेवढं पाजा. पंधरा-वीस मिनिटांनी वर जे चमकत राहिलंय ते कापडाने पुसून घ्या. लोक इथेच फसतात: उरलाय म्हणून दुसरा हात मारतात. सीडरचा गाभा फार पीत नाही. वर राहिलेलं तेल चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि मुरणाऱ्या स्टेनचाही थर होऊन बसतो. दुसरा हात डब्यावर सांगितला असेल आणि फळी पीत असेल तरच.

एक गोष्ट मात्र गमतीवारी घेऊ नका. ती पुसायची तेलकट फडकी चुरगाळून गराजमध्ये टाकायची नाहीत. सुकताना तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, उष्णता बाहेर टाकतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

आता सासरे. ते पूर्ण चुकीचे नाहीत. मॅडिसनच्याच प्रयोगशाळेने 1950 च्या दशकात सीडरसाठी बनवलेला स्टेन अळशीच्या तेलावरच उभा होता. पण त्यात सोबत मेण, रंगद्रव्य आणि बुरशीनाशक होतं, आणि ते बुरशीनाशक, पेंटाक्लोरोफिनॉल, विषारी म्हणून पुढे सामान्य वापरातून गेलं. नुसतं तेल म्हणजे बुरशीला जेवणाचं आमंत्रण. चिपळूणची दारं सागाची, पडवीच्या आत, त्यांच्यावर ना थेट पाऊस ना बर्फ. शिवाय दर वर्षी कोणीतरी मायेने हात फिरवतं. डबल बॉइल्ड अळशीचं तेल डुलुथच्या उघड्या डेकवर पहिल्याच ओलसर महिन्यात काळं पडेल. त्यांना सांगा की तेलच लावतोय, फक्त रंग आणि औषध घातलेलं. खोटंही नाही, आणि त्यांचा मानही राहतो.

रेलिंगला सॉलिड आहेच, तो नीट धरून असेल तर तसाच ठेवा. सुटलेला भाग खरवडून त्याच रंगाचा हात द्या. फळ्या मुरणाऱ्या स्टेनच्या आणि रेलिंग सॉलिडचं, हे दिसायलाही वाईट नाही. माल किती लागेल? तुमच्या फळ्यांचं क्षेत्रफळ 192 चौरस फूट. जुन्या, घासलेल्या लाकडावर गॅलनमागे 150 ते 200 चौरस फूट धरा, म्हणजे पायऱ्या धरून दोन गॅलन पुरे. एकाहून जास्त डबे घेतलेत तर लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, म्हणजे छटा बदलत नाही. रंगद्रव्य तळाशी बसतं, तेव्हा मधूनमधूनही ढवळत राहा.

हिवाळ्यात बर्फ काढायला प्लॅस्टिकचं फावडं, फळ्यांच्या रेषेत, आणि तळापर्यंत खरवडू नका, इंचभर राहिला तरी चालतो. फटींमधली पानं ऑक्टोबरमध्ये काढून टाका. कुंड्यांखाली पाय लावा, रबराच्या पायपुसण्या उचला. दुसऱ्या वसंतात दारापासून पायऱ्यांपर्यंतच्या चालीच्या वाटेवर आणि दक्षिणेच्या कडेला तोच पाण्याचा थेंब टाकून बघा. मुरायला लागला की राखाडी व्हायची वाट न बघता तेवढाच भाग धुऊन एक हात द्या.

धुण्याआधी एक बघून सांगा: स्क्रूंभोवती निळे-काळे ओघळ आहेत का? सीडरमधलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि साधं लोखंड यांचा तो डाग असतो. ऑक्झॅलिक ॲसिडने तो जातो, पण स्क्रू तेच राहिले तर पुढच्या पावसात परत येतो. तसं असेल तर आधी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, मग स्टेन.