नृत्याचा पाया कच्चा असेल तर म्युझिकल थिएटरच्या ऑडिशनची तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण चार वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत तो मी स्वतः विचारला होता. तुमची मुलगी न्यू जर्सीत अकरावीत आहे, गळा उत्तम आहे, शाळेच्या दोन म्युझिकल्समध्ये तिने चांगल्या भूमिका केल्या आहेत. नृत्य म्हणाल तर सातवीपर्यंतचे चार वर्षांचे कथक आणि मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातली समूहनृत्ये, एवढेच. पुढच्या हिवाळ्यात तिला म्युझिकल थिएटरमधल्या बीएफए या पदवीच्या प्रवेशासाठी ऑडिशन द्यायच्या आहेत, आणि तोवर बॅले, जॅझ व टॅप ही नृत्ये शिकून होईल का, नसेल तर अर्ज करण्यात अर्थ आहे का, असे तुम्ही विचारले आहे. तिन्ही शिकून होणार नाही. अर्ज मात्र जरूर करावा. माझी मुलगी साधारण याच भांडवलावर निघाली होती, आज ती अशाच एका विभागात तिसऱ्या वर्षाला आहे, आणि त्यानंतर परिसरातल्या चार-पाच मुलांची तयारी मी जवळून पाहिली आहे. त्या आधारावर लिहिते.

आधी वेळेचा हिशोब नीट करावा. प्रत्यक्ष ऑडिशन मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत होत असल्या, तरी बहुतेक नामांकित विभाग त्याआधी प्रीस्क्रीन म्हणून व्हिडिओ मागतात: गाण्यांचे एक-दीड मिनिटांचे परस्परांहून वेगळे तुकडे, एक-दोन मोनोलॉग (एकट्याने बोलायचे उतारे), आणि पुष्कळ ठिकाणी नृत्याचीही एक लहान चित्रफीत. यांच्या मुदती शरद ऋतूतच संपू लागतात. म्हणजे तुमच्या हाती वर्ष नसून नऊ महिने आहेत, आणि त्यातलाही सप्टेंबरनंतरचा काळ निबंध, अर्ज आणि चित्रीकरण यांतच जातो, असे धरून चाला.

आता आमच्या हातून झालेली मोठी चूक सांगते, कारण ती आजही अनेक पालक करताना दिसतात. आम्ही घाईघाईने एका नृत्यशाळेचा ‘कॉलेज ऑडिशन’साठीचा महागडा वर्ग लावला. तिथे तीन महिने मुलीकडून एकच नृत्य घोटून घेतले गेले. ते तिला झोपेतही आले असते. त्यानंतर एका शिबिराच्या सराव-ऑडिशनला ती गेली, तर तिथे कोणी तिचे नृत्य पाहिलेच नाही. समोरच्या शिक्षिकेने पंचवीस मिनिटांत एक नवे कॉम्बिनेशन, म्हणजे पावलांची सलग रचना, शिकवले, चार-चार जणांचे गट केले आणि संगीत लावले. माझी मुलगी तिसऱ्या ‘आठा’नंतर, म्हणजे आठ मात्रांच्या तिसऱ्या टप्प्यानंतर, थांबली आणि शेजारणीकडे पाहत राहिली. घरी येताना गाडीत ती एवढेच म्हणाली, “आई, मला नाचता येत नाही असं नाही, मला पटकन शिकता येत नाही.”

नृत्याच्या ऑडिशनमध्ये तपासले जाते ते नेमके हेच. खोलीत वीस-तीस मुले असतात, प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक असतो. थोडा वॉर्म-अप होतो, मग खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शासे, पा दे बुरे अशी बॅलेची पावले, लाथा, उड्या, गिरक्या करत जायचे असते, आणि शेवटी चार-सहा ‘आठां’चे कॉम्बिनेशन. परीक्षकांना उत्तम नर्तक पहिल्याच फेरीत ओळखू येतात, त्यासाठी त्यांना अर्धा तास लागत नाही. उरलेल्या वेळात ते बाकीच्यांकडे पाहतात: सांगितलेली दुरुस्ती पुढच्या खेपेला दिसते का, चूक झाल्यावर चेहरा पडतो का, गाण्यातला प्रसंग अंगात उतरतो का, आणि चार वर्षे शिकवल्यावर या शरीराचे काय होऊ शकेल. नर्तक नसूनही ज्यांचे अंग तालात चांगले हलते, अशांना इकडच्या भाषेत ‘मूव्हर’ म्हणतात; त्या गटात तुमची मुलगी येणार. तिने चांगली मूव्हर व्हावे, एवढेच उद्दिष्ट ठेवा.

माझ्या सासूबाईंना या साऱ्याचे मोठे नवल वाटे. किर्लोस्करांच्या 1880 च्या शाकुंतलापासून आपल्या संगीत नाटकाचा सारा भार गळ्यावर. नटाला पिरुएट (बॅलेतली गिरकी) येते का, हे कोणी विचारले नाही. ब्रॉडवेची गोष्ट वेगळी. 1943 साली ‘ओक्लाहोमा!’त अ‍ॅग्नेस डी मिल यांनी नायिकेच्या मनातला गोंधळ एका दीर्घ बॅलेतून दाखवला, नृत्य हा कथानकाचा भाग होत गेला, आणि पुढे गाणारे व नाचणारे असे दोन वेगळे कोरस ठेवण्याची पद्धतही मागे पडली. त्यामुळे कितीही सुरेल मुलगी असली तरी तिला नाचायला लावणारच.

तयारीचे म्हणाल, तर आठवड्याला बॅलेचे दोन वर्ग आणि थिएटर जॅझचा एक, एवढे नऊ महिने सातत्याने केले तर पुरेसे आहे. बॅले नवशिक्यांच्याच वर्गात शिकावा, मग शेजारी बाराव्या वर्षाची मुले उभी असली तरी चालेल. वयाला शोभेल म्हणून वरच्या वर्गात घालून घेण्याचा मोह टाळावा. तिथे प्लिये, तांदू, पासे या बॅलेच्या मूळ हालचालींची नावे कोणी समजावून सांगत नाही, आणि ऑडिशनमध्ये शिक्षिका नावे घेऊनच सूचना देते. टॅपसाठी सुटीतले एखादे प्राथमिक सत्र पुरे. शाळा टॅप मागत नसेल तर तेही राहू द्या. सुरुवातीच्या उत्साहात आम्ही आठवड्याला पाच वर्ग केले होते. सहाव्या आठवड्यात मुलीच्या नडगीत कळा येऊ लागल्या आणि पुढचे तीन आठवडे तिला एकही उडी मारता आली नाही.

पटकन उचलण्याची सवय मात्र वेगळी कमवावी लागते आणि ती अनोळखी शिक्षकांसमोरच येते. तुम्ही न्यू यॉर्कच्या जवळ आहात, याचा फायदा घ्या. ब्रॉडवे डान्स सेंटर किंवा स्टेप्स ऑन ब्रॉडवे यांसारख्या ठिकाणी खुले वर्ग असतात. वयाची अट पाहून नवशिक्यांच्या थिएटर डान्सच्या वर्गाला जावे. दीड तासाच्या वर्गात शेवटची तीस-चाळीस मिनिटे नवे कॉम्बिनेशन शिकवले जाते, ते गटागटाने करून दाखवायचे असते, आणि पुढच्या वेळी शिक्षकही वेगळा आणि कॉम्बिनेशनही वेगळे असते. आमची मुलगी महिन्यातून दोन शनिवारी ट्रेनने पेन स्टेशनला जाई. पहिले चार शनिवार ती रडवेली होऊन परतली. जूनपर्यंत ती शेवटच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत आली होती.

यात तिला खरा हात दिला तो कथकने, आणि तुमच्या मुलीबाबतही तसेच होईल असे मला वाटते. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणजे दोन ‘आठ’. चार ‘आठां’चे कॉम्बिनेशन म्हणजे तीनतालाची दोन आवर्तने, हे एकदा ध्यानात आल्यावर तिची मोजणीची भीती गेली. त्याहून मोठा उपयोग झाला पढंतीचा. कथकात तुकडा, म्हणजे बोलांची छोटी रचना, नाचण्याआधी हाताने टाळी धरून बोल म्हणण्याची शिस्त असते. तेच तिने इथे केले. किक-बॉल-चेंजमध्ये दोन मात्रांत तीन हालचाली येतात, त्याला तिने ‘तिगदा’ असे नाव दिले, लांब सरकत्या पावलाला ‘थेई’ म्हटले, आणि आपला गट येईपर्यंत भिंतीशी उभी राहून ती सगळे कॉम्बिनेशन ओठांतल्या ओठांत म्हणू लागली. इतर मुले त्या वेळी पाणी पीत असत किंवा इतरांचे नृत्य पाहून स्वतःचे विसरत असत. एकदा शिक्षिकेने तिला विचारले की तू काय पुटपुटतेस, आणि ऐकल्यावर सगळ्या वर्गासमोर तिला ते मोठ्याने म्हणायला लावले.

अर्थात कथक आडवेही येते. तिहाई, म्हणजे तीनदा येणारा बोल, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊन संपते, त्यामुळे तिचे शरीर प्रत्येक वाक्य पुढच्या ‘एक’वर नेऊन टेकवायला पाहत असे, आणि जॅझचे वाक्य ‘सात’ किंवा ‘आठ’वरच मिटलेले असे; ती एक-दोन मात्रा उशिरा थांबलेली दिसे. तत्काराच्या (कथकच्या पदन्यासाच्या) सवयीने तळवा सपाट आपटत उतरायची, तेव्हा आधी पायाची बोटे, मग चवडा, मग टाच आणि गुडघे वाकलेले, असे उतरणे तिला मुद्दाम शिकावे लागले. चक्करमध्ये नजर एका बिंदूवर रोखण्याची सवय गिरकीत थेट उपयोगी पडली, पण चक्कर टाचेवर फिरते आणि पिरुएट चवड्यावर, टाच उचलून. हा बदल अंगवळणी पडायला चार महिने लागले. दुहेरी गिरकीचा हट्ट धरू नका. तोल सांभाळून, स्वच्छ थांबलेली एकेरी गिरकी डळमळत्या दुहेरीपेक्षा कितीतरी चांगली दिसते, आणि परीक्षक बहुधा तो पर्याय स्वतःच देतात.

नृत्याच्या व्हिडिओसाठी तिच्या आवाक्यातल्या दहा गोष्टींतल्या सहाच घ्याव्यात आणि त्या पूर्ण विश्वासाने कराव्यात. आम्ही पहिले चित्रण इमारतीच्या बेसमेंटमध्ये केले. गालिच्यावर गिरकी अडकली, छत ठेंगणे म्हणून हात वर जाईनात, आणि सगळे झाल्यावर पाहिले तर फोन किंचित वर झुकल्यामुळे तिची पावलेच चौकटीबाहेर होती, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच दिसत नव्हते. शेवटी लाकडी जमिनीची खोली दोन तासांसाठी भाड्याने घेतली, फोन आडवा धरून कमरेच्या उंचीवर स्टँडला लावला, आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळे दिसते ना, हे आधी दहा सेकंद चित्रण करून तपासले. काळ्या भिंतीसमोर काळे कपडे नकोत. मध्ये कापाकापी करू नये. पुष्कळ विभाग ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून स्वतःचे काहीही दाखवणारी, साधारण मिनिटाची चित्रफीत ऐच्छिक ठेवतात. तिथे कथक अवश्य द्यावे, परंतु घुंगरू बांधून स्वच्छ केलेला एखादा तुकडा आणि त्याची पढंत, एवढेच. रेझ्युमेवर कथकची वर्षे आणि बॅलेचे महिने आहेत तसे लिहावेत. ‘प्रगत’ हा शब्द लिहिला, तर खोलीत तो पहिल्या मिनिटात उघडा पडतो.

तुम्ही पाठवलेल्या कॉलेजांच्या यादीबद्दल स्पष्ट लिहिते, राग मानू नये. मिशिगन, कार्नेगी मेलन आणि सिनसिनाटी विद्यापीठाचे सीसीएम हे संगीत महाविद्यालय ही नावे यादीत असायला हरकत नाही, पण अशा विभागांत एका वर्षाला साधारण डझन-दोन डझन मुले घेतली जातात आणि अर्ज शेकड्यांनी येतात, हे गृहीत धरावे. पिट्सबर्गचे पॉइंट पार्क आणि ओक्लाहोमा सिटी युनिव्हर्सिटी ही तर नृत्यासाठीच ओळखली जाणारी ठिकाणे आहेत. तिथे तुमच्या मुलीची सर्वांत कच्ची बाजू सर्वांत आधी तपासली जाईल. त्यांऐवजी गायन आणि अभिनयावर भर देणारे व नृत्याचे वर्ग पातळीनुसार लावणारे विभाग शोधावेत. प्रत्येक शाळेच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला प्राथमिक बॅलेचा वर्ग आहे का ते पाहावे. तो असेल तर अशी मुले ते घेतात, हे उघड आहे. तुमच्याच राज्यातील माँटक्लेअर स्टेट आणि रायडर यांचे बीएफए नीट अभ्यासावेत. शिवाय नॉर्थवेस्टर्नसारखी वेगळी वाटही आहे: तिथे थिएटरच्या प्रवेशासाठी ऑडिशन नसते, अभ्यासाच्या बळावर आत जायचे आणि संगीत नाट्याकडे नंतर वळायचे. तुमच्या मुलीचे गुण तुम्ही लिहिले आहेत तसे असतील, तर ही वाट मी यादीत वर ठेवीन.

ऑडिशनच्या दिवशी तिने शेवटच्या रांगेत उभे राहू नये. तिथून शिक्षकाचे पाय दिसत नाहीत आणि रांगा बदलल्या की तीच अचानक सर्वांत पुढे येते. दुसरी रांग, थोडी कडेला, ही उत्तम जागा. आधी पाय पाठ करावेत, हात नंतर. चुकल्यास थांबू नये. पुढच्या ‘एक’वर पुन्हा पकडावे आणि तोवर चेहऱ्यावरचा प्रसंग सोडू नये. गणपतीच्या नाचात मागच्या पोराने ढकलले तरी ती हसत राहिली असेल, तेच इथे उपयोगी पडते. शंका असल्यास एकच प्रश्न विचारावा, आणि तो नेमका असावा.

बुटांबद्दल तुम्ही शेवटी विचारले आहे. सुरुवातीला साधे, त्वचेच्या रंगाचे जॅझ शूज घ्यावेत, आणि उन्हाळ्यात बॅलेतला तोल आल्यावर अडीच इंच टाचेचे कॅरेक्टर शूज. ते ऑडिशनच्या आदल्या आठवड्यात कधीही आणू नयेत. आमच्याकडे ते ऑगस्टमध्ये आले, आणि पुढचे दोन महिने मुलगी ते घालूनच ओट्याशी उभी राहून भांडी घासत असे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवले होते.