मोबाइलवर छायाचित्रे काढू लागलेल्या नव्या मित्रास

नवा फोन घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसण्याची सवय लावा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत आणि लोकलच्या गर्दीत तिच्यावर घामाचा पातळ थर सतत बसतो व त्यामुळेच दिवे पसरलेले दिसतात.

खरा अभ्यास उजेडाचा आहे. गेटवे ऑफ इंडियाचा समुद्राकडील दर्शनी भाग पूर्वेला असल्यामुळे त्याच्या दगडावर सकाळचे कोवळे ऊन थेट पडते, तर मरीन ड्राइव्हवर सूर्य समुद्राच्या बाजूला मावळतो, म्हणून तिथे माणसाचा चेहरा काळवंडतो. अशा वेळी पडद्यावर चेहऱ्याला स्पर्श करून उजेड वाढवा किंवा आकाशाला स्पर्श करून माणसाची सावलीसारखी आकृती राहू द्या. मला दुसरा मार्ग अधिक आवडतो. सूर्य मावळताच परतू नका, कारण पुढील साधारण २० मिनिटांत निळे आकाश आणि रस्त्यावरचे दिवे यांचा सुंदर तोल साधतो.

बोटांनी झूम वाढवण्याऐवजी चार पावले पुढे जा. इन्स्टाग्रामसाठी ४:५ प्रमाणाची उभी चौकट पडद्यावर अधिक जागा व्यापते. मित्राला मूळ छायाचित्र हवे असेल, तर व्हॉट्सॲपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तपशील टिकतील.

दादरच्या फुलबाजारात मात्र गजरे विणणाऱ्या मावशींना आधी विचारा आणि त्यांनी नकार दिला, तर फोन खिशात ठेवा.