तोंडातली बुरशी हटत नाही, तेव्हा

प्रश्न : माझे मोठे दीर (वय ४६) एचआयव्हीबाधित आहेत. मध्यंतरी वर्षभर त्यांच्या गोळ्या सुटल्या होत्या. आता एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) केंद्रातून पुन्हा सुरू झाल्यात. जीभ-टाळूवर पांढरा थर आहे. शेव सोडाच, नुसते पोहेही खाववत नाहीत. औषधाच्या दुकानातून फ्लुकोनाझोल १५० ची गोळी आठवड्याला एक, अशी पाच आठवडे घेतली. दुकानदार म्हणतो, बुरशी औषधाला जुमानत नाही. आता काय करावं? त्यांची भांडी वेगळी ठेवायची का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : जुमानत नाही असं म्हणण्याइतकं औषध त्यांच्या पोटात गेलेलंच नाही. तोंडातल्या कॅन्डिडाला, म्हणजे या बुरशीला, फ्लुकोनाझोल रोज १०० ते २०० मिलिग्रॅम, ७ ते १४ दिवस लागतं. आठवड्याच्या एका गोळीने बुरशी मरत नाही, सोकावते. दुकानदाराचा सल्ला इथेच थांबवा आणि एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना तोंड दाखवा.

ते आधी गॉजने थर पुसून बघतील. थर निघून खाली लाल जागा दिसली तर बहुधा कॅन्डिडाच. जिभेच्या कडेचे न पुसले जाणारे पट्टे हेअरी ल्युकोप्लेकियाचे (विषाणूमुळे येणारे पांढरे चट्टे) असू शकतात. त्यावर बुरशीची औषधं वाया जातात. तंबाखू खात असतील तर असा चट्टा दंतवैद्यांनाही दाखवाच. टीबीची औषधं चालू असतील तर तेही सांगा : त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे फ्लुकोनाझोल रक्तात कमी पडतं, इट्राकोनाझोल हे दुसरं बुरशीनाशक तर जवळजवळ उरतच नाही.

रोजच्या पूर्ण डोसनेही फरक पडला नाही, तर तोंडातला स्वॅब (कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना) कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीला पाठवतात, म्हणजे बुरशी कोणती आणि कोणत्या औषधाला दाद देते ते कळतं. कॅन्डिडा क्रुसेई ही जात फ्लुकोनाझोलला मुळातच दाद देत नाही. मग इट्राकोनाझोलचं द्रावण, रोज २०० मिलिग्रॅम, २८ दिवसांपर्यंत : उपाशीपोटी, तोंडात खळखळवून गिळायचं. गफलत होते ती इथे. द्रावण मिळालं नाही की कॅप्सूल दिली जाते आणि तीही लोक रिकाम्या पोटी घेतात. कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची असते. तरीही ती द्रावणाइतकी भरवशाची नाही, आणि जोडीला ओमेप्राझोल (अ‍ॅसिडिटीची गोळी) असेल तर अंगी लागतच नाही म्हणा. हृदय कमजोर असेल तर इट्राकोनाझोल नकोच. दुसरा पर्याय पोसाकोनाझोल सस्पेन्शन : पहिले ३ दिवस ४०० मिलिग्रॅम दोनदा, पुढे रोज एकदा, २८ दिवसांपर्यंत, तूप-तेलाच्या जेवणासोबत. महाग आहे. दोन्हींत यकृताची तपासणी हवी. यानेही भागलं नाही तर शिरेतून अॅम्फोटेरिसिन बी; त्यात मूत्रपिंड आणि पोटॅशियमवर नजर ठेवावी लागते.

घास गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता मोठी. तिथे माउथ पेंटचा (तोंडात लावायच्या औषधाचा) उपयोग नाही; पोटातून २०० ते ४०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल, १४ ते २१ दिवस घ्यावं लागतं.

हे सगळं करूनही सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारक पेशींची संख्या) पन्नासच्या खाली राहिला तर बुरशी परत येणारच. म्हणून एआरटीची एकही गोळी चुकवू नका. एआरटीत डोल्युटेग्राव्हिर हे औषध चालू असेल तर त्याचं या बुरशीनाशकांशी वाकडं नाही. कवळी असेल तर रात्री काढून घासून ठेवा.

भांडी वेगळी करण्याची काहीच गरज नाही. एचआयव्ही ताटावाटीतून पसरत नाही, आणि कॅन्डिडा तर कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात असतेच.