पहिले रनिंग शूज घेताना

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंस, फार बरं वाटलं. आता बूट मात्र रंग किंवा सेल बघून घेऊ नकोस. दुकानात संध्याकाळी जा. दिवसभर वावरून पाय थोडे फुगलेले असतात, पळतानाही ते तसेच फुगतात. पळायचे मोजे घालूनच जा.

उभं राहून बघ, सगळ्यात लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असं नाही) हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. या स्पर्धेत यवतेश्वरचा घाट उतरताना पाय बुटात पुढे सरकतो. मी ती जागा ठेवली नव्हती. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली आणि पुढे गळून पडली.

जुने बूट सोबत ने, उलटे करून सोल बघ. टाचेची बाहेरची कड झिजणं नेहमीचंच. आतली बाजू जास्त झिजली असेल तर पाय आत कलत असावा, मग आधार देणारा जोडही घालून बघ. पण तळवा सपाट आहे एवढ्यावरून दुकानदार तोच गळ्यात मारत असेल तर ऐकू नकोस. दोन मिनिटं तिथेच पळ. कुठे बोचलं तर तो जोड सरळ परत ठेव, ‘वापरून सैल होईल’ म्हणाले तरी. आणि स्पर्धेच्या दिवशी कोरा जोड नको, आधी त्यात ४०-५० किलोमीटर तरी पळून घे.