जर्मनीत कामाचा परवाना: मुंबईतून निघण्याआधीची तयारी

आपण मुलुंडला राहणारे मेकॅनिकल इंजिनियर आहात, स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्याशी आपली बोलणी चालू आहेत, आणि ‘आधी पर्यटक व्हिसावर जा, परवाना तिकडे काढता येईल’ असे एजंट सांगतो, ते खरे का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच करू नका. पर्यटकांना मिळणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, नोकरी करता येत नाही. आणि इथे जर्मनीत उतरल्यावर परवान्यासाठी अर्ज करण्याची जी सवलत अमेरिका, जपान अशा काही देशांच्या नागरिकांना आहे, ती भारतीयांना नाही. मुंबईला परतून राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करावाच लागतो.

सारी भिस्त पदवीवर आहे. ‘ॲनाबिन’ ही जर्मन सरकारी सूची फुकट पाहता येते; तीत कॉलेजचे नव्हे, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव शोधा, त्यापुढे ‘एच प्लस’ ही विद्यापीठ मान्य असल्याची खूण आहे का आणि आपली पदवी समतुल्य दाखवली आहे का हे पाहा, आणि दोन्ही पाने छापून अर्जाला जोडा. पदवी सापडली नाही, तर जर्मनीतील ‘झेडएबी’ या कार्यालयाकडून २०८ युरो भरून तुलनापत्र, म्हणजे आपली पदवी कोणत्या जर्मन पदवीच्या तोडीची आहे हे सांगणारा दाखला, मागवावे लागते.

२०१९ साली मी दादरच्या एका एजंटाला पदवीवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, करून घेण्यासाठी अठरा हजार रुपये दिले होते. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने मान्यता दिलेली नाही, हे मला ठाऊक नव्हते. व्हिसा अर्जाच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी पदवीच्या पाठीवरचा तो शिक्का पाहिलाही नाही. त्यांचे बोट पुढच्या बाजूला, माझ्या नावावर थांबले. पदवीवर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर वडिलांचे नाव नव्हतेच. दोन्ही नावे एकाच माणसाची, असे प्रतिज्ञापत्र करून आणेपर्यंत माझा अर्ज अडला. आपल्याकडे हे घरोघरी आहे, तेव्हा नावे आजच ताडून पाहा. पत्नीची पदवी माहेरच्या नावाने असेल, तर विवाहनोंदणीचा दाखलाही हाताशी ठेवा. ब्लू कार्ड हा पदवीधरांसाठीचा कामाचा परवाना; तो असलेल्याच्या पत्नीला जर्मन भाषेची अट नाही आणि तिला इथे लगेच नोकरी करता येते, त्यामुळे तिची कागदपत्रेही तितकीच महत्त्वाची आहेत.

ब्लू कार्डसाठी करार निदान सहा महिन्यांचा हवा. २०२५ साली वार्षिक पगाराची अट ४८,३०० युरो होती. इंजिनियरांसारख्या, माणसे कमी असलेल्या व्यवसायांना ४३,७५९ युरो ८० सेंट. हा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून अर्जाच्या वर्षाचाच पाहा.

इथे घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलल्यास परदेशी नागरिक कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. कायम वास्तव्याचा परवाना साधारणपणे २७ महिन्यांनी मिळू शकतो, पण जर्मन भाषा ‘बी वन’ या मध्यम पातळीची येत असेल तर २१ महिन्यांनीच. यासाठी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात, जिथे जर्मन शिकवतात, आत्ताच नाव घालावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे नोटिस बहुधा तीन महिन्यांची असते. म्हणून रुजू होण्याची तारीख लांबची मागून घ्या, आणि व्हिसा पासपोर्टवर लागेपर्यंत राजीनामा देऊ नका.