मीठ उडत नाही : खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ३ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीत साधारण १७० लिटर पाणी आहे. दीड महिन्याने माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट शून्यावर आल्यावरच दोन क्लाउनफिश आणि आठ गोगलगायी सोडल्या. तीन आठवड्यांत गोगलगायी संपल्या, एक मासा गेला, दुसरा धापा टाकतोय. उन्हाळा म्हणून पाण्यावर पंखा लावलाय. रोज दोनेक लिटर पाणी कमी होतं, तेवढं लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून भरतो. मीठ तोलूनच घालतो, म्हणून क्षारता मोजत नाही. (पुणे)

उत्तर : पंखा बरोबर आहे, घोळ बादलीत आहे. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ टाकीतच राहतं. रोजचं ७० ग्रॅम धरलं तर २१ दिवसांत जवळपास दीड किलो मीठ जादा झालं, म्हणजे लिटरमागे साडेआठ ग्रॅम. ३५ची क्षारता आता ४३-४४ असणार. मासा जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत काही दिवस तग धरतो. गोगलगायीला ती सोय नाही, म्हणून त्या आधी गेल्या.

घाईने गोडं पाणी ओतू नका. रोज साडेसहा लिटर खारं पाणी काढून तेवढंच आरओचं घाला. पाच-सहा दिवसांत क्षारता ३५ वर येईल. उडालेले दोन लिटर वेगळे, तेही आरओचेच. घरच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर बंद करून टीडीएस १० च्या आत आणा, नाहीतर शेवाळ माजेल. अमोनिया रोज तपासा, आणि एखादा शंख मागे राहिलाय का पाहा. मेलेली गोगलगाय वासावरून लगेच कळते.

क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर मात्र घ्याच. तो साध्या पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. ३५ च्या तयार द्रावणावर जुळवा. पाणी आपोआप भरायला कूलरचा फ्लोट वॉल्व्ह चालतो, पण प्लॅस्टिकचा. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि गोगलगायी, कोळंब्यांना मारतं. वॉल्व्हला पाणी देणारी वरची बादली पाच लिटरचीच ठेवा, म्हणजे वॉल्व्ह अडकला तरी घरात पूर येणार नाही.

प्रश्न : अलिबागहून कॅनमधून समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल का? (पनवेल)

उत्तर : २० लिटरच्या कॅनमागे ७०० ग्रॅम मीठ वाचेल, पेट्रोलचा हिशेब तुम्हीच करा. शिवाय त्या किनाऱ्याला खाड्यांचा गाळ येतो आणि पावसाळ्यात नद्यांमुळे क्षारता घसरते. आमचं मत : नको.

प्रश्न : मालवणला किनाऱ्यावर पडलेले प्रवाळाचे तुकडे सजावटीला घेतले तर? (कोल्हापूर)

उत्तर : घेऊ नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला तुकडासुद्धा बाळगता येत नाही. समुद्रघोड्यालाही हेच लागू. टाकीसाठी मिळणारे सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्या. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यांवरही छान वसतात.